बरणीतल्या लाल गोळ्या : एक्केचाळीस तासांचा घटनाक्रम

मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात यशवंतराव महाराज देवमामलेदारांची यात्रा भरते. आरम नदीच्या काठी पाळणे उभे राहतात, रेवड्या-गोडीशेवेची दुकानं लागतात, लाल-पिवळ्या गोड गोळ्यांच्या बरण्या मांडल्या जातात. याच दिवसांत बागलाणभर उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून घरातले सगळे धडधाकट हात वाफ्यात उतरतात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि अंगणवाडीतही न जाणारी लेकरं.

पुढे मांडलेला घटनाक्रम कोणा एका घराचा नाही. त्यातली माणसं मी उभी केली आहेत. विष, त्याची मात्रा आणि ते शरीरात किती तासांनी काय करतं, हे मात्र वैद्यकशास्त्राने नोंदवलेलं आहे. ज्या वस्तूंमुळे ते घडतं त्या बागलाणातल्या कितीतरी घरांत आत्ता या क्षणी फडताळावर आहेत. घरात वडील, पाचवा महिना लागलेली आई, आजी आणि वीस महिन्यांची मुलगी. मुलीचं वजन दहा किलो. तास उलटे मोजले आहेत. शून्य म्हणजे मंगळवारची पहाट, पाच वाजता. त्या वेळी मुलगी हाका मारूनही डोळे उघडत नाही.

रविवार, दुपारी १२. उरले ४१ तास

सकाळी आशाताई महिन्याच्या गोळ्या देऊन गेल्या. लाल, गोल, गुळगुळीत. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस घ्यायच्या. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. या गोळ्यांबद्दल माझ्या मनात शंका नाही, वाचणाऱ्याच्याही मनात ती येऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या दर १०० गरोदर बायकांपैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. बाळंतपणात रक्त गेलं की अशी बाई हातची जाते. गोळी घेतलीच पाहिजे.

आजीलाही हेच वाटतं, म्हणून ती कामाला बसते. सून गोळी विसरते. पानं कधी उशीखाली, कधी पिशवीत. आजी तीसच्या तीस गोळ्या पानांतून दाबून काढते आणि गेल्या यात्रेतून आणलेल्या गोड गोळ्यांच्या रिकाम्या बरणीत भरते. बरणी चहा-साखरेच्या शेजारी ठेवते. सकाळचा चहा करताना दिसेल, आठवण राहील. झाकण ती नुसतं टेकवते, कारण तिची बोटं आखडलेली आहेत आणि घट्ट लावलेलं झाकण तिला उघडत नाही.

दहा मिनिटांचं काम, आणि मायेने केलेलं. तास मी इथूनच मोजायला घेतले आहेत, कारण पुढे जे घडणार त्यातलं सर्वांत मोठं कुंपण या दहा मिनिटांत निघून गेलं. वीस महिन्यांच्या मुलाला पानातली गोळी काढता येतच नाही असं नाही. पण एकेक दाबून, फाडून, चावून काढावी लागते, आणि दोन-तीन निघेपर्यंत त्याचं लक्ष दुसरीकडे जातं किंवा कोणाचं तरी त्याच्याकडे जातं. अमेरिकेत लहान मुलांच्या विषबाधेच्या मृत्यूंत लोहाच्या गोळ्या एकेकाळी सगळ्यांत पुढे होत्या. १९९७ मध्ये तिथे नियम झाला की ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह असलेली प्रत्येक गोळी वेगळ्या कप्प्यात बंद करूनच विकायची. त्याआधीच्या दहा वर्षांत सहा वर्षांखालची २९ मुलं दगावली होती. नंतरच्या पाच वर्षांत एक. गोळी तीच होती, मुलंही तशीच होती, फक्त बाटलीच्या जागी पान आलं. पुढे न्यायालयाने तो नियम रद्द केला, पण पानाने काय साधतं ते तोवर दिसून गेलं होतं. आपल्याकडच्या गोळ्या पानात येतात. आजीने त्या पानातून काढून पुन्हा बाटलीत नेल्या.

एका वस्तूच्या जागी दुसरी हातात आली की जाणती माणसंही फसतात. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या कापसी-कोपरी गावात, पाच वर्षांखालच्या १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना उलट्या, मळमळ सुरू झाली. त्यांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवलं आणि ती सगळी बरी झाली. पाजणारी माणसं प्रशिक्षित होती आणि दिवस खास त्याच कामाचा होता. तिथे एवढं घडू शकतं, तर स्वयंपाकघरातल्या फडताळावर काय घडणार नाही?

रविवार, रात्री ८. उरले ३३ तास

जेवण झाल्यावर आई बरणी काढते, एक गोळी तोंडात टाकते, वर पाणी पिते. मुलगी तिच्या मांडीशी उभी. हात पुढे करते. आई म्हणते, "हा आईचा खाऊ, तुला उद्या देईन हं." मग तिचं समाधान व्हावं म्हणून यात्रेतल्या गोळ्यांपैकी एक लाल गोळी तिच्या हातावर ठेवते.

बरणीत आता २९.

या वयाचं मूल सगळं जग तोंडाने ओळखतं आणि आईचं पाहून शिकतं. आज रात्री ते दोन गोष्टी शिकलं: त्या बरणीत खाऊ असतो, आणि लाल गोळी गोड असते. लोहाच्या या गोळीवर साखरेचं वेष्टन असतं, म्हणजे जिभेवर ठेवली तर तीही आधी गोडच लागते. मुलासमोर औषध घेऊ नये, त्याला खाऊ म्हणू नये, हे बालरोगतज्ज्ञ कायम सांगतात. थकल्याभागल्या रात्री ते कोणाच्या लक्षात राहतं, हेही मला कळतं. म्हणूनच लक्षात ठेवण्यापेक्षा खिळ्यावरची पिशवी जास्त भरवशाची. गोळ्या पानातच, पान पिशवीत, पिशवी उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर.

सोमवार, सकाळी ७. उरले २२ तास

रोपांची पिकअप भरून तयार आहे. निघण्याआधी वडील घरामागच्या औषधाच्या खोलीचं कुलूप ओढून बघतात. ही त्यांची रोजची सवय.

त्या खोलीत काय काय आहे! डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी मोरचूद, ज्याचे निळे खडे कोणत्याही पोराला खडीसाखरेसारखे वाटतील. डाळिंबाची पानगळ करायला इथ्रेल. द्राक्षाच्या काडीला डोळे फुटावेत म्हणून लावायचं हायड्रोजन सायनामाइड. किडीची चार-पाच औषधं, डब्यांवर लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. हे त्रिकोण बागलाणातला शेतकरी शाळकरी वयापासून ओळखतो. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना शेतकरी आणि मजूर मेले, त्या बातम्यांनंतर अनेक घरांत अशा खोल्यांना कुलपं आली. हे त्रिकोण ज्या कायद्याखालच्या नियमांनी आले त्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्यामागेही एक गल्लत होती. १९५८ मध्ये जहाजातून येताना पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्य-पिठाच्या पोत्यांत मिसळलं आणि केरळात शंभरावर माणसं दगावली.

शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध, गोठ्यात फेकलेला रिकामा डबा, पाणी प्यायला वापरलेलं मापाचं झाकण, अशाने अजूनही मुलं जातात आणि त्यावर लिहावं तितकं थोडं. पण आजच्या घरात ती चूक नाही. वडिलांनी विषाला कुलूप लावलं आहे, किल्ली कमरेला आहे. घर ज्याला विष समजतं त्याची काळजी घेतं. स्वयंपाकघरातल्या बरणीला या घरात कोणीही विष समजत नाही. तिच्यात ताकदीच्या गोळ्या आहेत.

मुलीच्या वाट्यालाही लोह आहे. सरकारी कार्यक्रमातच सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं औषध देतात. त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. आईची एक गोळी म्हणजे मुलीच्या तीन खेपांचं औषध.

सोमवार, सकाळी ११.२०. उरले १७ तास ४० मिनिटं

आजी ओसरीवर लसूण सोलते आहे. मुलगी आत आहे, भांड्यांचा आवाज येतो आहे, म्हणजे ती खेळते आहे. तांदळाच्या डब्यावर चढून ती फडताळाला पोचते. झाकण टेकवलेलंच आहे.

ती चौदा गोळ्या खाते. काही चोखून, काही चावून, काही तशाच गिळून. गोडपणा संपून आतली तुरट चव लागल्यावर दोन गोळ्या थुंकते, त्या डब्याच्या मागे घरंगळतात. मग बरणी सोडून बाहेर येते आणि आजीच्या पाठीला बिलगते. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. आजी निष्काळजी होती, असं हे वाचताना कोणाला वाटलं असेल तर ते चूक आहे. पाच मिनिटं नजरेआड होणारं मूल प्रत्येक घरात असतं. घराची मांडणी अशी हवी की त्या पाच मिनिटांत काही होऊ नये.

चौदा गुणिले साठ, म्हणजे ८४० मिलिग्रॅम. मुलगी दहा किलोची. किलोमागे ८४. वैद्यकाचा हिशेब असा : किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असेल तर सहसा काही होत नाही, २० ते ६० मध्ये पोटाचा त्रास होतो, ६० च्या पुढे जिवाला धोका. तिच्या स्वतःच्या औषधाच्या मापात सांगायचं तर एकवीस आठवड्यांचं लोह तिने आज एका बैठकीत घेतलं.

सोमवार, दुपारी १२.१५. उरले पावणेसतरा तास

पहिली उलटी. रंग लालसर तपकिरी. सकाळी गाजर खाल्लं होतं, आजीला वाटतं तेच. दहा मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. शेजारीण दारात येते, "काय व्हयनं?" म्हणून विचारते. कोणी म्हणतं दूध नासकं असेल, कोणी म्हणतं यात्रेतलं खाणं बाधलं. एक जण मिठाचं पाणी पाजायला सुचवते, म्हणजे पोट साफ होईल.

आजी ते पाजत नाही. ते बरंच. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातलं मीठ इतकं चढू शकतं की त्यानेच झटके येतात. घशात बोट घालून उलटी काढणंही तसंच घातक. रॉकेल, पेट्रोल, थिनर असं काही पोटात गेलं असेल तर उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि थोडंसं गेलं तरी फुप्फुस सुजतं. संडास धुण्याचं ॲसिड गेलं असेल तर वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. काय गेलं ते माहीत नसेल तेव्हा उलटी काढू नये. माहीत असेल तेव्हाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

पोटात या वेळी काय चाललं आहे? लोह जठराचं आणि आतड्याचं अस्तर जाळतं आहे. उलटीतला लाल रंग गाजराचा नाही. त्यात वेष्टनाचा रंग आहे आणि थोडं रक्तही.

सोमवार, दुपारी २.३०. उरले साडेचौदा तास

काळपट जुलाब. आजी तिला कडेवर घेऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे जाते. दवाखान्यात उलट्या-जुलाबाची आणखी चार पोरं आहेत, यात्रेच्या दिवसांत असतातच. डॉक्टर पोट तपासतात, उलटीचं औषध देतात, जलसंजीवनी लिहून देतात. निदान त्या गर्दीत चुकीचं वाटत नाही. एक प्रश्न तेवढा विचारायचा राहतो : घरात कोणाच्या गोळ्या उघड्यावर असतात का? पाच वर्षांखालचं, आतापर्यंत ठणठणीत असलेलं मूल अचानक ओकायला लागलं, झोपाळलं, झटके देऊ लागलं किंवा विचित्र श्वास घेऊ लागलं, तर हा प्रश्न विचारायलाच हवा. डॉक्टरांनी विचारला नाही तर घरच्यांनी स्वतः सांगावं : घरात रक्तदाबाची गोळी आहे, साखरेची आहे, आई गरोदर आहे. आजोबांची साखरेची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाची रक्तशर्करा तासन्‌तास खाली पाडू शकते.

याच वेळी घरात फडताळाचं दार उघडं आहे, बरणी आडवी पडली आहे, डब्यामागे दोन चोखलेल्या गोळ्या पडल्या आहेत. कोणी आत गेलेलं नाही.

कोणी गेलं असतं तर? तर करायचं होतं ते एवढंच. गोळ्या मोजायच्या. बरणी, रिकामी पानं आणि मुलीचं माता-बाल कार्ड पिशवीत घालायचं, कारण कार्डावर तिचं वजन लिहिलेलं असतं आणि सगळा हिशेब त्या वजनावर आहे. १०८ ला फोन करायचा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे, तो दिवसरात्र चालू असतो. तिथे गोळीचं नाव, अंदाजे संख्या, वजन आणि वेळ सांगितली की काय करायचं ते सांगतात, घरच्यांनाही आणि डॉक्टरांनाही. हा क्रमांक प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर, प्रत्येक औषधाच्या दुकानात आणि माता-बाल कार्डाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खर्च शाईचा.

रुग्णालयात पोटाची क्ष-किरण तपासणी झाली असती. लोहाच्या न विरघळलेल्या गोळ्या तिच्यात पुष्कळदा पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. नाकातून नळी घालून, आतडं धुणारं द्रावण सोडून त्या पुढे ढकलल्या असत्या. विषबाधेत नेहमी देतात तो औषधी कोळसा इथे चालत नाही, कारण लोह त्याला चिकटत नाही. चार ते सहा तासांच्या दरम्यान घेतलेल्या रक्तात लोह किती चढलं ते कळलं असतं. आणि डेस्फेरिऑक्सामिन हा उतारा सुरू करता आला असता. रक्तातल्या मोकळ्या लोहाला धरून तो लघवीवाटे बाहेर नेतो. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अंगात साठलेलं लोह काढायला हेच औषध वापरतात, म्हणून जिथे थॅलेसेमियाचे रुग्ण येतात अशा मोठ्या रुग्णालयात ते मिळण्याची शक्यता जास्त. सटाण्याहून मालेगाव चाळीस किलोमीटरच्या आत, नाशिक नव्वदच्या आसपास. दुपारी अडीचला निघालेलं मूल दिवेलागणीच्या आत नाशकात पोचतं.

सोमवार, संध्याकाळी ५.३०. उरले साडेअकरा तास

उलट्या थांबतात. मघाशी आजीने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली होती, दवाखान्यातलं औषधही दोनदा पोटात गेलं आहे. दोन्हींपैकी कशाचा तरी गुण आला असं सगळ्यांना वाटतं. मुलगी थोडं पाणी पिते, आजीच्या मांडीवर पडून राहते, बाबा आल्यावर हसते. शेतातून आलेली माणसं हातपाय धुतात. घर सुटकेचा श्वास सोडतं.

सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत भीती वाटते ती या तासाची. लोहाच्या विषबाधेत पहिल्या सहा तासांच्या उलट्या-जुलाबांनंतर पुष्कळदा शांततेचा काळ येतो. तो काही तास टिकतो, कधी दिवस उलटेपर्यंतही. फार मोठी मात्रा असेल तर तो येतही नाही. पण आला की माणसं फसतात, कधी डॉक्टरही फसतात. याचा नियम सरळ आहे. ज्या मुलाने गोळ्या खाल्ल्या असाव्यात असं वाटतं पण सहा तासांत त्याला काहीच झालं नाही, त्याला मोठा धोका सहसा नसतो. जे मूल उलट्या करून मग शांत झालं, ते बरं झालेलं नाही.

कारण आतडं जाळण्याचं काम संपवून लोह आता रक्तात शिरलं आहे. रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं, ते भरून गेलं. उरलेलं लोह मोकळं फिरतं आणि यकृताच्या, हृदयाच्या पेशींत घुसतं. पेशींत ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग लोह बंद पाडतं. पेशी प्राणवायू वापरू शकत नाहीत, रक्तात आम्ल साचू लागतं. बाहेरून यातलं काही दिसत नाही.

सोमवार, रात्री ९. उरले ८ तास

आई गोळी घ्यायला उठते. बरणी आडवी, हलकी. ती गोळ्या ताटलीत ओतून मोजते. तेरा. डब्यामागे दोन सापडतात, चोखून पांढऱ्या झालेल्या. पंधरा. काल रात्री एक घेतल्यावर एकोणतीस होत्या.

"आई, गोळ्या कोणी घेतल्या?"

आजीच्या लक्षात येतं. ती घाबरते, आणि घाबरलेलं माणूस स्वतःला धीर देण्यासाठी जे बोलतं ते बोलते : "लोहाच्याच ना गं त्या. ताकदीच्या. तुला देतात, मग तिला काय होणार? उलटून पडल्यासुद्धा असतील." वडील झोपलेल्या मुलीकडे बघतात. ताप नाही. उलटी नाही. पिकअपमध्ये उद्याची रोपं भरलेली आहेत. रात्री दवाखाने बंद, सकाळी बघू, असं ठरतं.

आईचं मन मानत नाही. दोनदा ती म्हणते, "आत्ताच नेऊ या." घरात या वेळी तिचंच बरोबर आहे, तिच्याकडे आकडाही आहे, आणि निर्णय मात्र तिच्या हातात नाही. या महाराष्ट्रात किती मुलांचे तास अशा वाक्यावर गेले असतील, या विचाराने माझा जीव तुटतो. सून बोलते तेव्हा ऐकावं, एवढं तरी घरातल्या थोरांनी करावं. चूक कोणाची याचा निवाडा कधीही करता येतो.

अजून वेळ गेलेली नाही. उतारा या तासालाही कामाचा असतो. १०८ ची गाडी रात्रीही येते, महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. देवळा, भावडबारी, सोग्रस फाटा, पिंपळगाव बसवंत, ओझर. आता निघालं तर मध्यरात्रीच्या आत नाशिक.

कधी घरच्यांच्या हातात काहीच नसतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची पोरं खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दगावत होती. वीसहून जास्त मुलं गेली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यातलं द्रावक जवळजवळ निम्मं निघालं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रावकाने भेसळलेल्या ग्लिसरीनने १४ माणसं मेली होती, लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला गेला. आपण संतापलो, आणि संतापायलाच हवं होतं. छिंदवाड्याच्या त्या आईबापांच्या हातात काहीही नव्हतं. त्यांनी डॉक्टरने लिहिलेलं औषध दुकानातून आणून चमच्याने मोजून पाजलं. सटाण्याच्या या घरात रात्री नऊ वाजता सगळं हातात आहे : गोळीचं नाव, संख्या, वजन, रस्ता, फोन.

मंगळवार, रात्री १.३०. उरले साडेतीन तास

मुलीचा श्वास जोरात चालला आहे, खोल आणि भरभर, धावून आल्यासारखा. आईला वाटतं सर्दीने नाक चोंदलं. पाय गार लागतात, ती गोधडी ओढते. डिसेंबरची थंडी आहे, पाय गार लागण्यात कोणाला नवल वाटत नाही. संध्याकाळपासून लंगोट कोरडा आहे.

श्वास वाढला आहे तो रक्तातलं आम्ल बाहेर टाकण्यासाठी. पाय गार आहेत कारण हृदयाला रक्त पुरेसं ढकलता येत नाही, आणि शरीर असेल तेवढं रक्त मेंदू-हृदयासाठी राखून हातापायांचं तोडतं आहे. आजारी मुलाचा श्वास भरभर चालला, हातपाय गार पडले आणि लघवी थांबली, तर विष असो वा नसो, त्याला सकाळपर्यंत ठेवायचं नाही.

मंगळवार, पहाटे ५. शून्य

आई हाक मारते. गालावर थोपटते. मान लुळी. ओठ पांढरे, खाली राखी झाक. पिकअपमधली रोपं वडील रस्त्यावरच उतरवून टाकतात.

शून्यानंतर

सटाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात पहिलं काम होतं ते शिरेतून द्रव देणं आणि प्राणवायू लावणं. तिथून पुढे पाठवतात, सोबत चिठ्ठी आणि पानं. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पहिले प्रश्न तेच, जे काल दुपारी विचारायचे राहिले : काय, किती, केव्हा. आता उत्तरं आहेत. डेस्फेरिऑक्सामिन शिरेतून थेंब थेंब सुरू होतं, तासाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, त्याच वेळी रक्तदाब सांभाळत, कारण ते भराभर दिलं तर दाब आणखी पडतो. लघवी लालसर गुलाबी झाली तर लोह बाहेर निघत असल्याची ती खूण. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर रक्त समजून ते हादरतात.

सतरा-अठरा तासांनी कोसळलेल्या स्थितीत आलेलं मूल वाचेल की नाही, हे कोणताही प्रामाणिक डॉक्टर या वेळी सांगणार नाही. वाचलेली मुलं आहेत, न वाचलेलीही आहेत. पुढचे दोन-तीन दिवस यकृताचे. रक्त गोठण्याची तपासणी सारखी करावी लागते, रक्तातली साखर खाली जाते आहे का ते बघावं लागतं. त्यातून ती उठली, खायला-प्यायला लागली, घरी गेली, तरी हिशेब संपत नाही. भाजलेलं जठर भरून येताना त्याचं तोंड आकसू शकतं, साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. तेव्हा मूल पुन्हा खाल्लेलं सगळं ओकू लागतं आणि पुन्हा सगळ्यांना वाटतं काहीतरी बाधलं. घरी पाठवताना कागदावर हे मराठीत लिहून द्यायला हवं, आणि तो कागद वाचून दाखवायला हवा : दोन महिन्यांत उलट्या सुरू झाल्या तर गल्लीत थांबू नका, हाच कागद घेऊन इथेच या.